खेळणारा दिसत नाही

सांगायचं माझ्या मनात नव्हतं. जावयानं कागदांचा गठ्ठा पुढ्यात टाकला, पेन हातात कोंबलं आणि म्हणाला, "बाबा, जसं घडलं तसं लिहा. मन मोकळं होईल." मन मोकळं व्हायला ती काय तुंबलेली मोरी आहे? शाळेशी माझं पटलं ते चौथीपर्यंत, तेही ओढूनताणून. कोंबडी शाईत बुडवून कागदावर सोडलीय का, असं मास्तर माझ्या अक्षराला म्हणायचे. तेव्हा वाचणाऱ्यानं कुरकुर करायची नाही. या घरात कुरकुर करायचा हक्क एकट्या माझा आहे. निदान होता.

सुरुवात अगदी साधी झाली. लेकीनं आतून हाक मारली, "बाबा, जरा येता का? काम आहे." मला वाटलं पंखा बिघडला असेल, मी पाना घेऊन गेलो. तर तिनं मला खुर्चीत बसवलं, तोंडापुढं माईक धरला आणि म्हणाली, "आपल्या घराबद्दल बोला."

"काय बोलू? चार भिंती आहेत. छप्पर गळतं."

"तसं नाही हो. तुम्हाला जसं दिसतं तसं."

"मला ते गळताना दिसतं."

लेक आणि जावई घरातूनच काम करतात. गेम बनवतात. ढिशुम ढिशुम नाही, तसला असता तर मला कळला तरी असता. त्यांचा म्हणजे चित्रांची कादंबरी. पडद्यावर एक खोली दिसते, खाली गोष्टीच्या ओळी उमटतात आणि मध्येच तुम्हालाच विचारतात, हे दार उघडायचं का? त्या बाईला खरं सांगायचं का? तुम्ही दाबाल तसे गोष्टीला फाटे फुटतात. लेक लिहिते, जावई चित्रं काढतो. जावई दिवसभर कानांवर ती झाकणं चढवून बसतो, घर पडलं तरी त्याला कळायचं नाही, म्हणून मी त्याला कानबंद म्हणतो. पोरगा चांगला आहे. हे तो वाचणार आहे, तरी लिहितो.

या खेपेला त्यांनी रहस्यकथा घेतली होती. एका माणसाला काही आठवत नाही. तो स्वतःच्याच घरात परक्यासारखा हिंडतो, वस्तू उचलून बघतो आणि वस्तूगणिक एकेक आठवण परत येते. शेवटी त्याला कळतं, आपल्याबाबतीत काय झालं होतं. आता ते घर आणि तो माणूस आणायचा कुठून? घरचाच उचलला.

खरं कारण मात्र निराळं होतं आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. माझी बायको.

हिचा ताप डोक्यात गेला होता. इस्पितळातून ही चालत-बोलत घरी आली, पण फळ्यासारखी पुसून आली. लेकीला ताई म्हणायची, जावयाला साहेब. आणि मला? जिनं उभ्या जन्मात 'अहो'शिवाय हाक मारली नाही ती मला काका म्हणायला लागली. "काका, जरा सरकता का, मला जायचंय." स्वतःच्या नवऱ्याला! पहिल्या दिवशी मी हसलो. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन एकटा बसलो. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं दाखवत राहा, येईल परत, कदाचित. त्या कदाचितला आम्ही लोंबकळत होतो. मला बाकी काही नको होतं. तिनं एकदा वर बघून मला ओळखावं, एवढंच.

म्हणून मी माईकपुढं बोललो. करवादलो, पण बोललो. कपाटाचं दार कसं कण्हतं, खिडकीजवळची फरशी कुठं हलते, ही ओट्याशी उभी राहून एका पायानं दुसऱ्या पायाची टाच कशी घासते. लग्नाच्या दिवशी बूट इतके घट्ट होते की नवरी दारात आली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं ते बुटांचं होतं, हेही सांगून टाकलं. लेक हसून हसून लाल. मग बर्फाचा कारखाना सांगितला, जिथं मी जन्म घालवला. लाद्या आकड्यानं ओढायच्या, ओला भुसा, ओलं गोणपाट, डोळ्यांत झोंबणारा अमोनिया, मुकादमाच्या शिव्या. थंड खोलीच्या दारापर्यंत सगळं सांगितलं. हिला विचारून उपयोग नव्हता, हिच्याकडे काही उरलंच नव्हतं. म्हणून लेकीनं सगळं माझ्याकडचं घेतलं.

इथंच चुकलं. पण तेव्हा कोणाला कळणार?

गेम बराचसा झाला तेव्हा मला दाखवायला बसवलं. काढलं होतं हुबेहूब, नाव ठेवायला जागा नाही, आणि मी जागा शोधली होती. ओट्याशी ही पाठमोरी उभी. खिडकीशी खेळणारी लेक, लहानपणची. कारखान्याच्या दारात मुकादम. मी सगळ्या खोल्या हिंडलो.

"यात मी कुठंय?"

"तुम्ही आहात की," लेक म्हणाली.

"कुठं? मोरीत बसवलाय का?"

कानबंदानं एक झाकण बाजूला केलं. "बाबा, हे सगळं तुमच्या डोळ्यांनी दिसतं. खेळणारा दिसत नाही. ज्याच्या हातात माऊस, तो तुम्ही."

"म्हणजे अख्ख्या घराची चित्रं काढलीस आणि सासऱ्याला तेवढा वगळलास."

"वगळलं नाही हो. उलट सगळं तुम्हीच आहात."

"चलाखी शिकवू नको मला."

तो हसला आणि झाकण परत लावलं.

दुसऱ्या दिवसापासून हिला खेळायला बसवायला लागलो. दुपारची जेवणं झाली की लेक पडदे ओढायची, कारण उजेडात स्क्रीन नीट दिसत नाही. बाहेर रणरणतं ऊन आणि खोलीत तळघरासारखा अंधार. पंख्याची घरघर, माऊसची टकटक आणि हिच्या चेहऱ्यावर तो निळसर उजेड. मी दाराशी बसायचो. बोलायची मला बंदी होती.

फरक पडला! पहिल्याच आठवड्यात ही उठून सरळ गेली आणि न विचारता साखरेचा डबा काढला. लेकीनं माझा दंड इतका दाबला की वळ उठला. मग हिनं जावयाला बजावलं, "ती फरशी हलते, जपून." लेक स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी नाही रडलो. मला अजून काकाच म्हणत होती.

त्यानंतर एका संध्याकाळी ही खुर्चीत टेकली, बोटांची पेरं एकमेकांवर चोळायला लागली आणि म्हणाली, "दमलो आज."

लेक हसली. "आई, दमलो काय? बाबांसारखी बोलतेस की."

ही हसली नाही. पेरं चोळत राहिली. ती सवय माझी आहे. बर्फात हात घालून घालून लागलेली. हिनं आयुष्यात कधी लादीला हात लावला नव्हता. मग मुकादमाला एक शिवी हासडली, माझी ठेवणीतली, जी मी घरात कधी उच्चारली नाही आणि माईकपुढं तर मुळीच नाही. मी लेकीकडे बघितलं. ती अजून हसतच होती.

"ती कुठं गेली?" हिनं विचारलं.

"कोण, आई?"

"बायको माझी. ओट्याशी होती आत्ता."

 

मी म्हणालो, "अगं, तूच ती. तूच माझी…"

हिनं माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याच तोऱ्यात भुवई उडवून म्हणाली, "काका, डोकं ठिकाणावर आहे ना?"

रात्री मला झोप लागेना म्हणून मी मनातल्या मनात कारखान्यात गेलो. ती माझी जुनी युक्ती. लाद्या मोजत गेलं की डोळा लागतो. त्या रात्री कारखाना सापडला नाही. कारखाना होता हे माहीत होतं, त्यात अमोनिया असतो हेही माहीत होतं, पण वास येईना. मुकादमाला तोंड होतं, पण कसलं? लग्नाचा दिवस काढून बघितला. बूट घट्ट होते, हे ठाऊक. पण पायाला काही कळेना. ऐकलेली गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांतला फरक माणसाला कळतो. दुसऱ्या कोणाच्या लग्नाची हकीकत ऐकावी तसं माझं लग्न मला ऐकू येत होतं. नवरी दारात आली, म्हणे.

सकाळी ही लेकीला तेच सांगत होती. दारात कशी सावली पडली, बूट कसे चावत होते, डोळ्यांत पाणी कसं आलं. सांगताना हिचे पाय चपलांत आखडत होते. जे माझ्याकडून गेलं होतं ते सगळं तिच्याकडे होतं, आणि जिवंत होतं.

मी लेकीला बाजूला घेतलं. "तो गेम बंद कर. तो तिचं तिला देत नाहीये. माझं काढून तिला देतोय."

"बाबा, काहीतरीच काय?"

"तुझं पहिलं पाऊल मला दिसत नाहीये आता. तिला विचार, ती सांगेल."

"वय झालंय तुमचं. विसरायला होतं." तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा. मी तो झटकला.

मग ती दुपार आली. लेक औषधं आणायला बाहेर गेली होती. कानबंद कोपऱ्यात, झाकणं चढवून, पाठमोरा. ही स्क्रीनपुढं. मी चहाचा कप घेऊन आत आलो तर कपातून वाफ येत होती, आणि हिच्या तोंडातूनही येत होती. बाहेर माणूस भाजून निघेल असं ऊन. खोलीत ओल्या भुशाचा वास. एवढ्या दिवसांनी तो वास आला, आणि मला आनंद झाला नाही.

स्क्रीनवर थंड खोलीचं दार होतं. मी सांगितलं होतं त्याप्रमाणे जावयानं ते बंद काढलं होतं. त्यावर दाबलं की खाली ओळ यायची, दार बंद आहे. बस्स, पुढं काही नाही. ते आता उघडं होतं.

मी कानबंदाचं झाकण उपटलं. "हे काय काढून ठेवलंस?"

तो वळला. बघत राहिला. "हे… मी काढलेलं नाही."

"मग कोणी काढलं?"

"बाबा, दाराच्या आतलं चित्रच नाहीये आमच्याकडे. तुम्ही आत काय आहे ते सांगितलंच नव्हतं."

नव्हतं सांगितलं. कारण मलाच माहीत नाही. तरुणपणी एकदा सुट्टीच्या आदल्या दिवशी मी आत असताना बाहेरून कोणीतरी कडी घातली. सुट्टी संपल्यावर दार उघडलं. एवढा वेळ तिथं माणूस टिकत नाही. मी दाराला टेकून बसलो होतो म्हणे, अंगात जाड कोट. तो कोट माझा नव्हता. कारखान्यात कोणाचाच नव्हता. आत काय झालं ते मला तेव्हाही आठवलं नाही आणि मी आठवायच्या भानगडीत पडलो नाही. घरी सांगितलं, जादा काम होतं. हिलाही तेवढंच माहीत.

ही स्क्रीनकडे बघत हळूहळू बोलत होती. ओठ निळे पडले होते.

"हात सोलले दार वाजवून… कोणी ऐकत नाही…"

"ए, सोड ते. उठ."

"आत कोणीतरी आहे… कोट घातलेला. भुशात बसलाय… कधीपासून बसलाय…"

"कोण?" हे जावयानं विचारलं. मी विचारणार नव्हतो.

"अंधार आहे… तोंड दिसत नाही. बोलतोय. म्हणतो, आता तू बस… मी जातो…"

"मग?"

"मग दार उघडलं. तो गेला." हिनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. काकाकडे बघायची तशी नव्हे. कोणी फार दिवसांनी आपल्या चोराकडे बघावं तशी. "मी इथंच आहे अजून."

मी ओरडलो की हे खोटं आहे. मी मीच आहे. बाहेर आलेला मी, आत गेलेलाही मीच. मग त्याआधीचं एखादं तरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. माझ्या आईचा चेहरा. लग्नाआधीचं घर. कारखान्यातला पहिला दिवस. काहीच हाताला लागेना. होतं ते सगळं हिच्याकडे गेलं होतं आणि जे गेलं ते माझंच होतं, हे पटवायला माझ्याकडे आता काय उरलं होतं? 

स्क्रीनवर खाली ओळ उमटली. *मी बाहेर येऊ का?* त्याखाली दोन चौकटी. ये. नको.

मी माऊसकडे झेपावलो. चहा सांडला, कप फुटला. पण हिचं बोट माझ्याआधी पोचलं होतं.

"ये की," ही म्हणाली. मायेनं म्हणाली.

तेवढ्यात लेक आली. फुटका कप, थरथरणारी आई, तिचं मनगट धरून ओरडणारा मी. एवढंच तिनं बघितलं. स्क्रीनवर दार बंद होतं, पहिल्यासारखं.

"आईला पहिल्यांदा बरं वाटतंय आणि तुम्हाला ते बघवत नाही!" लेक किंचाळली. "तुम्हाला ओळखत नाही म्हणून तुम्हाला तिचं काहीच चांगलं बघवत नाही!"

 संध्याकाळी जावयानं मला खूण करून बोलावलं, माझ्यादेखत तो सगळा गेम पुसून टाकला आणि बराच वेळ हात मांडीखाली दाबून बसून राहिला. गारठले होते, म्हणाला.

सकाळी ही उठली ती बरी होऊन.

खरंच बरी होऊन. लेकीला तिच्या लहानपणच्या नावानं, छकुली म्हणून हाक मारली. जावयाला जावईबापू. ओट्याशी उभी राहून एका पायानं दुसरी टाच घासली. आवाज तिचा, चाल तिची, बाईमाणसाचं बोलणं तिचं. लेक तिच्या गळ्यात पडली. मी टेबलाशी बसलो होतो.  चहाचे कप घेऊन ही आली. लेकीला दिला, जावयाला दिला. माझ्यापुढं एक ठेवला.

"घ्या, काका."

मग खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपुढं एक कप ठेवला, बशी सारखी केली आणि ज्या आवाजासाठी मी इतके दिवस जीव टांगून बसलो होतो त्याच आवाजात म्हणाली, "अहो, गार होतोय."

जावयानं माझ्याकडे बघितलं. लेक चहा पीत होती. तिनं मान वर केली नाही.

या गोष्टीला बरेच दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, एवढं राहणारच, फार मनावर घेऊ नका. ही हसते, कामं करते, सगळ्यांना ओळखते. मलाही नीट वागवते, पाहुण्याला वागवतात तसं. कपाटातले माझे सदरे ही धुऊन, घडी करून खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवते आणि ते दुपारपर्यंत दमट होतात. जावई मला अजून बाबा म्हणतो. हल्ली म्हणण्याआधी जरा थांबतो, एवढंच.

काल लेक फरशी पुसत होती. त्या खुर्चीखाली रोज पाण्याचं थारोळं होतं, नळ तिथून लांब आहे. पाण्यात भुशाची कुसळं असतात. आमच्या घरात भुसा आणणार कोण?  मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो. पुसत पुसत ती आली आणि म्हणाली, "बाबा, पाय वर घ्या."

मी घेतले. पण तिची पाठ माझ्याकडे होती. ती त्या खुर्चीपुढं बसली होती. हातात फडकं धरून क्षणभर थांबली, वाट बघितली, आणि मगच हात खुर्चीखाली घातला.

कोणाला काय दिसतं ते ज्याचं त्यानं बघावं. मी त्यावर वाद घालणार नाही, माझ्याकडे आता वाद घालण्याइतकंही काही शिल्लक नाही. पण तुम्हाला तिचं चांगलं बघवत नाही, असं भर दुपारी माझ्या तोंडावर म्हटलं गेलं होतं, ते मला पक्कं आठवतं. ते माझ्याकडून कोणी नेलेलं नाही. त्याची माफी अजून आली नाही, आणि ती मागायची आहे माझ्या लेकीनं.